गटाचे दफ्तर कोणाच्या ताब्यात?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठी गटांनी मोठ्या कंपन्यांची समाजमाध्यमे सोडून विकेंद्रित जाळ्यांकडे, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या आणि एकमेकांना जोडलेल्या अनेक सर्व्हरकडे (मजकूर साठवणाऱ्या संगणकांकडे) वळावे, असे आवाहन करणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. कंपन्यांविषयी त्यात जे लिहिले आहे ते मला मान्य आहे. ऑर्कुट सप्टेंबर 2014 अखेर बंद झाले, गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर 2020 मध्ये. 'कू' तर आपल्याच देशातले, मराठीत लिहिता येणारे. तेही जुलै 2024 मध्ये गुंडाळले गेले. प्रत्येक वेळी माणसांनी वर्षानुवर्षे लिहिलेले मालकाच्या एका निर्णयाने गेले. पण मालक बदलला म्हणजे हा धोका संपतो, असे लेखकाने गृहीत धरले आहे. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे मला पहिला प्रश्न वेगळाच पडतो. नव्या घरात गटाचे दफ्तर कोणाच्या ताब्यात असणार?

हा प्रश्न आमच्याकडे आजच उभा आहे. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांचा एक गट आहे, माझा पुतण्या त्यात आहे. फळछाटणीनंतर पाऊस लांबला की रात्री उशिरापर्यंत त्यात पानांचे फोटो येत राहतात. हा दावण्या रोग आहे की करपा, कोणते औषध कोणत्या दिवशी मारले, किती उतारा पडला, मण्यांवर डाग राहिला का, सगळे त्यात आहे. कोणत्याही कृषी पुस्तिकेत नसलेली, आमच्याच मातीतली माहिती. सध्या हा गट एका कंपनीच्या ॲपवर आहे आणि तिथे जुने काही शोधायचे म्हटले तर सापडत नाही. म्हणून काही तरुणांनी 'लेमी' या गटचर्चेच्या विकेंद्रित, मुक्त प्रणालीवर स्वतंत्र गट काढायचे ठरवले आहे. सर्व्हर चालवायला एकजण तयार आहे, पुण्यात नोकरी करतो, हुशार आणि निःस्वार्थी मुलगा. पुतण्याने माझे मत विचारले तेव्हा मी या जाळ्यांचा इतिहास मुळापासून वाचून काढला. जे वाचले ते आपल्या वाचकांपुढे ठेवणे मला गरजेचे वाटते.

विकेंद्रित म्हटले की वाटते, माहिती सगळीकडे आहे, म्हणजे ती बुडणार नाही. अर्धेच खरे आहे. मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखे विकेंद्रित माध्यम 2016 मध्ये आले, आणि असे सर्व्हर ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात त्या ॲक्टिव्हिटीपबला जानेवारी 2018 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने अधिकृत मानक ठरवले. त्यामुळे वेगवेगळ्या सर्व्हरवरची माणसे एकमेकांचे वाचू शकतात, हे मोठेच काम आहे. पण लेमीवर प्रत्येक गटाचे एक मूळ घर असते. दुसऱ्या सर्व्हरवरून कोणी लिहिले की ते आधी त्या मूळ सर्व्हरकडे जाते आणि तिथून बाकीच्यांना वाटले जाते. मूळ सर्व्हर बंद पडला की इतरांकडे जुन्या मजकुराची प्रत उरते, पण वाटणाराच नाहीसा होतो. तुम्ही नवे लिहाल ते फक्त तुमच्याच सर्व्हरवरच्या लोकांना दिसेल. गट चालू आहे असे वाटत राहील, आणि मिरजेतल्याने विचारलेले तासगावातल्याला कळणारच नाही. बागायतदाराला तर अशा अर्धवट चालू गटापेक्षा बंद पडलेला गट बरा, कारण निदान तो दुसरीकडे विचारायला जाईल. फोटोंचे आणखी वाईट. ते बहुतेक वेळा टाकणाऱ्याचे खाते ज्या सर्व्हरवर आहे तिथेच राहतात, इतरांकडे नुसता दुवा असतो. सर्व्हर गेला की पानांवरचे डागही गेले. गट उचलून जसाच्या तसा दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याची सोय लेमीत नाही. मॅस्टोडॉनवर खाते हलवता येते, पण तिथेही अनुयायी बरोबर येतात, जुने लिखाण मागे राहते.

हे प्रत्यक्षात घडलेले आहे. जून 2023 मध्ये रेडिट या कंपनीच्या चर्चा-संकेतस्थळाच्या धोरणावर चिडून हजारो लोक लेमीकडे आले. जुलैमध्येच व्हीलेमी नावाचा एक सर्व्हर सूचना न देता नाहीसा झाला. जर्मन भाषिकांचे मोठे घर म्हणजे फेडिट डॉट डीई. ते 2024 मध्ये बिघडले, ज्याच्या हातात किल्ल्या होत्या त्याच्याकडून प्रतिसाद मिळेना, आणि लोकांना फेडिट डॉट ऑर्ग या नव्या सर्व्हरवर पुन्हा बिऱ्हाड मांडावे लागले. लेम डॉट ईई हा तर मोठा, नीट चालवलेला सर्व्हर. जून 2025 मध्ये त्याच्या चालकांनी जाहीर केले की, काम सांभाळायला पुरेशी माणसे नाहीत, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो बंद झाला. यात कोणाची लबाडी नव्हती. रोज रात्री घाण मजकूर काढत बसणे, हल्ले परतवणे आणि बिले भरणे हे सारे बिनपगारी करणारा माणूस थकतो. त्याच्या थकण्याला मी दोष देणार नाही. दोष त्या रचनेचा आहे, जिने त्याच्यामागे दुसरे कोणी उभे केले नाही.

सर्व्हर धडधाकट असूनही गट तुटू शकतो, हे तर मला माहीतच नव्हते. जून 2023 मध्ये बीहॉ या लेमी सर्व्हरने दोन मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले. त्यांची कारणे होती, नव्या गर्दीला आवरणे त्यांना झेपत नव्हते. पण पलीकडच्या सामान्य सभासदाला काहीही न करता बीहॉवरचे गट दुरावले. आणि पत्ता? त्याच वर्षी माली या देशाने डॉट एमएल हे पत्त्याच्या शेवटी येणारे आपले देशनाम परत घेतले तेव्हा एका लेमी सर्व्हरचा पत्ताच गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये अफगाणिस्तानच्या तालिबान सरकारने डॉट एएफवरचा एक मॅस्टोडॉन सर्व्हर असाच बेपत्ता केला. स्वस्त आणि सुबक दिसतो म्हणून घेतलेला पत्ता कोणत्या राज्याच्या अखत्यारीत येतो, हे किती गट पाहतात?

या जगातल्या जाणत्यांना हे दिसत नाही असे नाही. मॅस्टोडॉनच्या मुख्य संकेतस्थळावरच्या यादीत नाव हवे असेल, तर सर्व्हरचालकाला काही अटी मान्य कराव्या लागतात. रोज प्रत काढून ठेवायची. आणीबाणीत सर्व्हरपर्यंत पोहोचू शकेल असा किमान आणखी एक माणूस हवा. बंद करायचे तर तीन महिने आधी सांगायचे. वाचून मला फार बरे वाटले. पतसंस्थेत गेल्यावर आम्ही हेच तपासायचो. बँक खात्यावर दुसरी सही कोणाची, प्रोसिडिंग बुक कुठे असते, सचिव उद्या अंथरुणाला खिळला तर तिजोरीची किल्ली कोणाकडे. पण या अटी मोडल्या तर नाव यादीतून जाते, एवढेच. त्या मागे कायदा नाही, सभासदाला जाब विचारायचा हक्क नाही.

तो हक्क द्यायचा मार्ग आपल्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. मॅस्टोडॉनवर सोशल डॉट कोऑप नावाचा सर्व्हर 2017 पासून सभासदांच्या वर्गणीवर आणि सभासदांच्या मतांवर चालतो, त्याचे हिशेब उघडे असतात. कॅनडात कोसोशल हा सर्व्हर नोंदणीकृत सहकारी संस्थेचा आहे, वर्षाची वर्गणी 50 कॅनेडियन डॉलर. फेडिट डॉट ऑर्गसुद्धा एका व्यक्तीच्या नव्हे, ऑस्ट्रियातल्या एका संस्थेच्या नावावर उभे राहिले. मग ज्या राज्यात दूध, ऊस आणि कर्ज सहकारात आले, तिथे गटाचा सर्व्हर एका मुलाच्या क्रेडिट कार्डावर का चालावा?

सहकारातही संस्था बुडतात, आणि त्या का बुडतात हे मी जवळून पाहिले आहे. जिथे कारभार एकहाती झाला तिथे त्या बुडाल्या. पण सहकारी संस्थांच्या 1960 च्या आपल्या कायद्यात त्यावरचे उपायही आहेत. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, वार्षिक सभा घ्यावी लागते, निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, आणि लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. छोट्या सर्व्हरला नफा होणार नाही हे कळते. तरी वर्गणीतला काही भाग पुढच्या वर्षाच्या भाड्यासाठी बाजूला ठेवण्याची सवय हवीच. शिवाय 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार लोकांचा मजकूर ठेवणाऱ्याला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, 24 तासांत पोच आणि 7 दिवसांत (फेब्रुवारी 2026 पूर्वी 15) निपटारा करावा लागतो. दिवसभर नोकरी करणारा एकटा मुलगा हे कसे पाळणार? उद्या औषधाच्या चुकीच्या प्रमाणावरून कोणाची बाग जळाली आणि तक्रार आली, तर उत्तर देणारी संस्था हवी.

पुतण्याला मी हेच सांगितले आहे. गट जरूर हलवा, पण आधी दहा घरे गोळा करा आणि पत्ता संस्थेच्या नावावर घ्या. किल्ल्या तिघांकडे असू द्या. फोटोंसह सगळ्याची प्रत दर आठवड्याला तासगावातल्या एखाद्या वाचनालयाच्या संगणकावर उतरवा, आणि ती प्रत खरोखर उघडते का ते वर्षातून एकदा सगळ्यांसमोर उघडून पाहा. तोवर जुना गट बंद करू नका.

आपल्या लेखकाने पुढच्या लेखात अशा मराठी सर्व्हरची नावे सुचवली, तर प्रत्येकाबरोबर त्याचा मालक कोण, दुसरा माणूस कोण आणि बंद करण्यापूर्वी किती दिवस सांगणार, हेही छापावे ही विनंती. ज्या गटाला सहकारी संस्था म्हणून नोंदणी करायची असेल, त्यांच्या उपविधींचा मसुदा मी विनामूल्य करून देईन. आपल्या कार्यालयामार्फत संपर्क साधावा.

आपला,
निवृत्त लेखापरीक्षक, सहकार खाते
सांगली