नाशिकची कॉर्नेलिया

पुणे, रविवार

प्रिय अनू,

परवा फोनवर म्हणालीस, वकिलीची सनद मिळून दोन वर्षं झाली तरी सिनियर फक्त पुढची तारीख मागायला उभं करतात. तेव्हापासून तुझ्याच गावची एक बाई डोक्यात घोळतेय. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, नाशिक. वडील पारशाचे ख्रिस्ती झालेले. आईने, फ्रान्सिनाने, पुण्यात शाळा काढलेली.

डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात बी.ए. झाली. त्या निकालावर विलायतेची शिष्यवृत्ती तिचीच, पण बाई म्हणून नाकारली. मग अहमदाबादला शिकवलं, इंग्लंडातल्या हितचिंतकांनी (त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा!) वर्गणी काढली आणि १८८९ला ती ऑक्सफर्डला पोचली. १८९२ला बी.सी.एल.ची, म्हणजे तिथल्या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली, ती देणारी पहिलीच बाई. पदवी हातात पडली १९२२ला. तीस वर्षं, अनू! आपण निकाल चार महिने लांबला म्हणून विद्यापीठात भांडायला गेलो होतो.

परतल्यावर तिला पडदानशीन राण्या भेटल्या. मालमत्ता नावावर, पण परक्या पुरुषासमोर यायची सोय नाही. म्हणजे वकीलच नाही. कॉर्नेलियाला पडद्याआड जाता यायचं, पण कोर्टात उभं राहता यायचं नाही. मग १८९७ला मुंबई विद्यापीठाची एलएल.बी., १८९९ला अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा, तरी सनद नाहीच. संस्थानात मात्र चालायचं. एकदा म्हणे ती खटल्यात चक्क एका हत्तीची वकील म्हणून उभी राहिली, आणि झोपाळ्यावर बसलेल्या राजाने निकाल दिला, कारण त्याच्या कुत्र्याला ती आवडली! हे तिचंच सांगणं, थोडं मीठमसाला धरून चाल.

१९०४पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अशा बायकांच्या आणि अज्ञान मुलांच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, सल्लागार होती. सहाशेच्या वर बाया-मुलांना तिने मदत केली म्हणतात. तिचं राजकारण मात्र माझ्या पचनी पडत नाही. गांधींना विरोध, इंग्रजांवर भक्ती. पण ज्या राण्यांच्या दारात कुणी जात नव्हतं, तिथे ती गेली, हेही खोडता येत नाही.

बायकांना वकिलीची मनाई १९२३च्या कायद्याने उठली. सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षी ती कलकत्त्याला वकिलीला बसली, तर लोक तिच्याकडून लेखी मतं घ्यायचे आणि युक्तिवाद पुरुषांकडून करून घ्यायचे. हे वाचलं आणि तुझा फोन आठवला.

सिनियरना स्पष्ट विचार, एखादा छोटा अर्ज तरी तू चालवणार का म्हणून. हो म्हणाले तर तारीख कळव. सकाळच्या गाडीने येते, मागच्या बाकावर बसेन.

तुझी,
मेधा