नोटेवरची शून्ये आणि तारीख

संपादक महोदय,

झिम्बाब्वेच्या 100 ट्रिलियन डॉलरच्या नोटेवर 1 पुढे 14 शून्ये आहेत. पण ती नोट जानेवारी 2009 मध्ये आली, म्हणजे ऑगस्ट 2008 मध्ये चलनाची 10 शून्ये कापल्यानंतर (10 अब्ज जुन्या डॉलरचा 1 नवा डॉलर)! 2015 मध्ये मध्यवर्ती बँकेने ती अवघ्या 40 अमेरिकी सेंटना परत घेतली. संग्राहक आज त्याच्या कितीतरी पट मोजतात.

जर्मनीत 15 डिसेंबर 1922 तारखेच्या 1000 मार्कच्या नोटांवर 1923 मध्ये लाल शाईत ‘एक अब्ज मार्क’ असे छापले. नुसती तारीख वाचून नवखे अब्ज मार्कची नोट 1922 चीच समजतात आणि हमखास फसतात.

नोटा पीव्हीसीच्या पाकिटात मुळीच ठेवू नयेत. त्यातले रसायन पाझरून कागद चिकट होतो. पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचे (कापडाचे नव्हे) पाकीट घ्यावे. घडीवर इस्त्रीही फिरवू नये. कागदाचा मूळ पोत जातो, किंमत घसरते.

— एक नोटासंग्राहक