चि. ओंकारला, म्युनिकला

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू फोन ठेवलास तो ठेवलासच. बाबा जरा जास्तच ओरडले, पण तेव्हापासून तेही घरात कुणाशी धड बोलत नाहीत. भांडण उकरून काढायचं नाही. थंडी कितपत आहे, मेतकूट संपलं का, एवढंच विचारायचं ठरवून लिहायला बसले.

पण तू हसत हसत सांगितलेलं डोक्यातून जात नाही. तुमच्या सरांना स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर हिटलर म्हणालास, वर तसा हातही उंचावून दाखवलास, आणि शेजारच्या खोलीतली मुलगी ताट उचलून निघून गेली. ‘उगाच मनाला लावून घेतात’ म्हणे! आपल्याकडे कडक मास्तरांना सर्रास हिटलर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तिथे तसा हात उंचावणं हा गुन्हा आहे. दंड होतो, तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. तुझा व्हिसा, बँकेचं कर्ज, सगळं डोळ्यांसमोर येतं. गमतीतसुद्धा पुन्हा करू नकोस.

नुसतं पोलिसांच्या भीतीनं नको, हेही सांगायचंय. ‘ते त्यांचं युद्ध, मला काय करायचंय’ हे तुझं बोलणं मला जास्त लागलं.

पहिल्याच आठवड्यात तू एक फोटो पाठवला होतास. विद्यापीठाच्या दारासमोर फरशीवर कागद पडलेत, कुणी उचलत कसं नाही, असं विचारलं होतंस. मी तो मोठा करून पाहिला, मग शोधून वाचलं. ते फरसबंदीत कायमचे बसवलेले आहेत. तुझ्याच विद्यापीठातली सोफी शोल आणि तिचा भाऊ हान्स, दोघं हिटलरविरुद्ध पत्रकं काढायची. पोलंडमध्ये तीन लाख ज्यूंना मारलंय, हे त्यांनी 1942 सालीच एका पत्रकात लिहिलं होतं. 18 फेब्रुवारी 1943 ला वर्ग चालू असताना त्यांनी वर्गांबाहेर गठ्ठे ठेवले, उरलेले सोफीनं वरच्या मजल्यावरून खालच्या चौकात ढकलून दिले. शिपायानं पाहिलं आणि पकडून दिलं. चारच दिवसांनी दोघांचा शिरच्छेद झाला, सोबत त्यांच्या एका मित्राचाही. त्याला तीन लहान मुलं होती. सोफी 21 वर्षांची. आपली मुक्ता येत्या जूनमध्ये 21 ची होईल.

तुला सगळा इतिहास पाठ कर म्हणत नाही. ठळक गोष्टी तरी माहीत असू देत. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. 3 तारखेला इंग्लंड युद्धात उतरलं, आणि त्याच दिवशी व्हाइसरॉयनं आपल्यालाही त्यात ओढलं, इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता. पुढे 25 लाखांवर आपली माणसं सैन्यात गेली. 1943 मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, त्यामागेही हेच युद्ध होतं. 60 लाख ज्यू मारले गेले. पुन्हा शिकवायला लागले, माफ कर. पण तो आकडा माहीत असलेल्या माणसाचा हात तसा वर जाणार नाही, एवढंच मला वाटतं.

बाळामामा म्हणेल की हिटलरनं इंग्रजांना खिळखिळं केलं म्हणून आपण सुटलो. त्याच्याशी वाद घालू नकोस, पण मनात ठेव: हिंदुस्थान इंग्रजांच्याच ताब्यात असलेला बरा, असं त्या माणसानं स्वतः लिहून ठेवलंय.

आणि युद्ध नुसतं त्यांचं कसं? माणगावला अण्णा तुला खांद्यावर घेऊन यशवंतराव घाडगेंची गोष्ट सांगायचे. इटलीत, 10 जुलै 1944 ला, बरोबरचे सगळे पडल्यावर नाईक घाडगे एकटे जर्मन मशीनगनवर धावून गेले. गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं लढले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मरणोत्तर. बावीस-तेवीस वर्षांचं वय! अण्णा इथवर आले की थांबायचे आणि तू ‘पुढे काय झालं?’ म्हणून त्यांचे केस ओढायचास. तेव्हा तुला सगळं जाणून घ्यायचं असायचं रे.

आजीनं तुझ्या बॅगेवर कुंकवानं स्वस्तिक काढलंय, त्याचाही मला घोर लागलाय. खोलीत देवापुढे खुशाल काढ, धर्माच्या स्वस्तिकाला तिथे बंदी नाही. बॅग मात्र पुसून टाक, आजीला सांगायची गरज नाही. कुणी विचारलंच तर न चिडता समजावून सांग.

दाखाऊ तुझ्यापासून लोकलनं वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. नाझींनी 1933 च्या मार्चमध्येच तिथे छळछावणी उघडली. दोन लाखांवर माणसं कोंडली, चाळीस हजारांहून जास्त तिथेच गेली. आत जायला तिकीट नाही. एकदा जाऊन ये, पण एकटा नको, आणि परीक्षेच्या आठवड्यात तर नकोच.

एवढ्या लांब, अनोळखी भाषेत तू स्वतःच्या हिमतीवर राहतोस, याचा मला किती अभिमान आहे ते फोनवर सांगायचं राहूनच जातं. तुला हे सगळं कळावं असं वाटतं, आणि तू कुठल्या मोर्चात, कुणाच्या भांडणात पडू नयेस असंही वाटतं. सोफीच्या आईलाही कदाचित असंच वाटत असेल.

त्या मुलीची माफी माग. जमलं तर तिच्या घरच्यांविषयी विचार, पण तिला बोलायचं असेल तरच. आणि रविवारी फोन करशील तेव्हा आधी बाबांना दे म्हण.

तुझी
आई