काउंट कशाचा, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंत्रमागाच्या बातमीत ‘काउंट’ असतो, डेंग्यूच्या बातमीत असतो आणि चादरींच्या जाहिरातीतही असतो. शब्द एकच असला तरी मोजमापं वेगळी आहेत, आणि वाचकाची गफलत तिथेच होते.

सुताचा काउंट म्हणजे एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. २० काउंट म्हणजे पौंडाला १६,८०० यार्ड. म्हणून आकडा वाढला की सूत बारीक होतं. नवखा माणूस ४० काउंट हे २० पेक्षा जाड समजतो. पॉलिस्टरच्या डेनियरचं उलट आहे. तिथे ९,००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये धरतात, त्यामुळे आकडा वाढला की धागा जाड. दोन-वीस सुतात विसाचे दोन धागे एकत्र पिळलेले असतात, त्याचा हिशेब दहाचा धरावा. पिळाने लांबी आखडते म्हणून भरतो किंचित कमीच.

तपासायचं कसं? दीड यार्ड घेराच्या रिळावर ८० फेरे घेतले की १२० यार्डांची ‘ली’ होते. ६४.८ ला तिच्या ग्रॅममधल्या वजनाने भागायचं. ली ३.२४ ग्रॅम भरली तर सूत विसाचं. पावसाळ्यात सूत दमट होऊन वजन वाढतं आणि चांगलं विसाचं सूत एकोणीसचं दिसतं. गिरणीशी भांडण्याआधी ते ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत मुरू द्यावं आणि पुन्हा तोलावं.

चादरीचा थ्रेड काउंट निराळा. एका इंचातले ताण्याचे (उभे) धागे अधिक बाण्याचे (आडवे) धागे, म्हणजे ६० आणि ४० मिळून १००. काही विक्रेते दुपदरी धागा दोन मोजून त्याच कापडाचे २०० सांगतात. आपली सोलापुरी चादर जाड सुताची, तिचा हा आकडा लहानच असणार. त्यावरून तिला हलकी ठरवणं चूक आहे. तिची ऊब त्या जाड सुताचीच आहे.

रक्तातल्या प्लेटलेटचा काउंट साधारण दीड ते साडेचार लाख, दर मायक्रोलिटरला. काहींच्या प्लेटलेट तपासणीच्या नळीत एकमेकींना चिकटतात. यंत्र ते गठ्ठे नीट मोजत नाही आणि अहवालात आकडा खोटाच कमी येतो. तो अनपेक्षितपणे कमी आला, तर काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करतात.

‘काउंट घसरला’ याचा अर्थ मागावर सूत जाड झालं, दवाखान्यात रक्तस्रावाचा धोका वाढला. तेव्हा या शब्दाआधी सूत, धागे की प्लेटलेट हे आणि आकड्यासोबत एकक, एवढं कृपया छापावं.

आपला,
एक वाचक
साखर पेठ, सोलापूर