गिझर मोटरसारखा वागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील घरगुती विजेविषयीच्या सदरात गेल्या आठवड्यात असे छापून आले आहे की, व्होल्टेज १९० पर्यंत उतरले की २००० वॉटचा गिझर साडेदहा अँपिअर करंट ओढू लागतो, त्यामुळे त्याची कॉइल जळते, बिलही फुगते, आणि म्हणून गिझरच्या लाइनवर १६ ऐवजी २५ अँपिअरचा एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्यावा. आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. लेखकांचा भागाकार बिनचूक आहे, २००० भागिले १९० म्हणजे साडेदहाच. चूक आहे ती कोणता आकडा कायम धरायचा याची.

गिझरवर छापलेले २००० वॉट हे २३० व्होल्टला दिलेले असतात, ती काही गिझरच्या अंगची न बदलणारी गोष्ट नव्हे. अंगची गोष्ट आहे तो कॉइलचा रोध. २३० व्होल्टला २००० वॉट म्हणजे करंट ८.७ अँपिअर, आणि व्होल्टेजला करंटने भागले की रोध येतो सुमारे २६.५ ओहम. कॉइलची तार नायक्रोम या मिश्रधातूची असते; तिचा रोध तापल्यावर थोडाच बदलतो, त्यामुळे तो कायम धरायला हरकत नाही. आता १९० ला २६.५ ने भागून पाहावे. करंट साधारण ७.२ अँपिअर येतो, म्हणजे वाढण्याऐवजी घटतो. आणि १९० गुणिले ७.२ केले की शक्ती उरते जेमतेम १३६५ वॉट. व्होल्टेज सतरा टक्क्यांनी उतरले तर शक्ती मात्र जवळजवळ एकतृतीयांशाने गेली, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

वर्कशॉपमध्ये मी हे शेगडीच्या १००० वॉटच्या कॉइलवर दाखवत असे. डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज हवे तसे कमीजास्त करणाऱ्या उपकरणावर, २३० व्होल्ट ठेवले की अॅमीटर ४.३ च्या आसपास दाखवी आणि कॉइल लालभडक होई. मग डिमरस्टॅट ११५ वर आणायचा आणि आता किती वॉट, असे विचारायचे. वर्गातून दरवर्षी एकसुरात ‘पाचशे’ असेच उत्तर येई. काटा २.२ च्या जवळ आलेला असे. ११५ ने गुणले की अडीचशे. निम्मे व्होल्टेज, निम्मा करंट, म्हणून पाव शक्ती, हे त्या काळवंडत चाललेल्या कॉइलकडे पाहून जेवढे पटे तेवढे फळ्यावरच्या सूत्राने कधी पटले नाही.

बिलाचेही तसेच आहे. १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटच्या किंचित वर वीज लागते, मग व्होल्टेज २३० असो वा १९०. फरक एवढाच की १६ मिनिटांचे काम २३ मिनिटांवर जाते आणि त्या जास्तीच्या वेळात टाकीतून थोडी उष्णता निसटते.

लेखकांच्या मनात बहुधा मोटर असावी. तिथे त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरला पाणी तेवढेच उपसायचे असते, त्यामुळे ४१५ व्होल्टला साडेसात अँपिअर घेणारी मोटर ३५० व्होल्टला नऊच्या घरात जाते, आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त होते. मोटर जळते ती अशी; रिवाइंडिंगच्या दुकानांना उन्हाळ्यात उसंत का नसते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. मात्र मोटरच्या व्होल्टेजला टाँग टेस्टरवरच्या (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरवरच्या) करंटने भागून येणारा आकडा हा वाइंडिंगचा रोध नव्हे, आणि नुसत्या गुणाकाराने वॉटही मिळत नाहीत. तिथे पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला किती हिस्सा खरी शक्ती आहे ते, धरावाच लागतो. मोबाइलचे चार्जर आणि बरेचसे एलईडी दिवेही व्होल्टेज उतरले की करंट वाढवून शक्ती जवळपास राखतात. गिझर, इस्त्री आणि शेगडी या पंगतीत बसत नाहीत.

जाता जाता, रोध कायम धरण्यालाही मर्यादा आहे. १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या दिव्याचा रोध हिशेबाने ५२९ ओहम येतो, पण थंड दिव्याला मल्टिमीटर लावला तर चाळीसच्या आसपास दिसतो. दोन्ही आकडे खरे आहेत. टंगस्टनची तार तापली की रोध तेरापटीने वाढतो, इतकेच.

गिझरला खरा धोका असतो तो चढलेल्या व्होल्टेजचा. थ्री फेज सप्लायमध्ये न्यूट्रल तुटून एखाद्या घरात ३०० व्होल्ट आले, तर हाच गिझर ११.३ अँपिअर घेऊन ३४०० वॉटने तापू लागतो. तरीसुद्धा हा करंट १६ च्या आतच आहे. मग २५ चा एमसीबी कशासाठी? एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असतो. १६ अँपिअरच्या हिशेबाने ओढलेल्या वायरवर २५ चा बसवला, तर दोष निर्माण झाल्यावर एमसीबी पडण्याआधी वायरचे इन्सुलेशन वितळू शकते.

आमच्या शेजाऱ्यांनी आपल्या सदराचे कात्रण दाखवून परवाच वायरमनला बोलावले होते. वरचा हिशेब त्याच कात्रणाच्या मागे मांडून दाखवल्यावर त्यांनी जुना एमसीबी तसाच ठेवला. पण कात्रण काही त्यांच्या एकट्याकडेच नसणार. तेव्हा एमसीबीविषयीच्या त्या वाक्याची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच सदरात, त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री), सांगली