आक्का, तुम्ही आमच्या टोळीला हिशोब मागायला शिकवलं

आक्का, नमस्कार. तुम्हाला मराठी फाडफाड बोलता येतं पण वाचायला जड जातं हे माहितीय, म्हणून नातीला सांगा मोठ्यानं वाचून दाखवायला. आणि हे असं सगळ्यांसमोर लिहितोय कारण दर दिवाळीच्या आसपास बीड, धाराशिव, जालन्याकडनं कितीतरी टोळ्या सोलापूर जिल्ह्यात ऊसतोडीला उतरतात, तुम्ही आमच्यासाठी काय केलं ते त्यांनाही कळू द्या.

त्या सीझनला आमच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, सोलापूरजवळच्या कुंभारीच्या पलीकडं माळावर पडल्या होत्या. बांबू, ताडपत्री, वर पाचट, आत उभं राहिलं की डोकं लागायचं. लाईट नाही, संडास नाही, पाणी शेतकऱ्याची मोटर चालू असली तरच. बाया अंधार असतानाच उठून बाहेर जाऊन यायच्या कारण उजाडलं की आडोसाच नव्हता, मग भाकरी थापून उसाच्या फडात, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री बाराला आली तरी उठून डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं चढून भरायचं. खाडा झाला की दंड, मग ताप असो नाहीतर पोटात लेकरू असो. यातलं काहीच आम्हाला वेगळं वाटत नव्हतं आक्का, दर वर्षी असंच असायचं.

तुम्ही आलात त्या बिडी कामगार बायकांच्या गोदूताई वसाहतीतनं, आमच्यातल्या एका बाईचं लेकरू आजारी होतं म्हणून कुणीतरी सांगितलं होतं तुम्हाला. लेकराला दवाखान्यात पोचवलंत आणि दुसऱ्या दिवशी परत आलात नि आईला पहिलाच प्रश्न विचारला, किती टन ऊस तोडून झाला आजपर्यंत? आईला सांगता येईना. वडलांना पण येईना. टोळी आणणाऱ्या मुकादमाला माहिती म्हणाले.

तेव्हा तुम्ही बिडीचं सांगितलं. हजार बिड्या वळून नेल्या की खराब म्हणून छाट काढून बाजूला टाकायचे, त्या मजुरीत धरायचेच नाहीत, आणि एकटी बाई भांडली तर तिलाच गप्प बसवायचे, म्हणून सगळ्या मिळून जायला लागल्या. कामगार नेते आडम मास्तरांच्या मोर्चात तुम्ही तरुणपणापासनं, आणि त्यातनंच तुमच्या गोदूताई वसाहतीत बिडी कामगार बायकांची १० हजार घरं उभी राहिली, मग ३० हजार घरांचं रेनगर, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. तुमचं स्वतःचं घर बघितल्यावर आई कितीतरी वेळ नळच बघत होती, बिडी वळून घर होतं तर मग आम्ही काय कमी राबतो का, असं म्हणाली ती त्या दिवशी.

टोळीत लिहिता येणारा मी, म्हणून वही माझ्या हातात दिलीत. कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती आमच्यापर्यंत येतच नव्हती, ती ड्रायव्हरकडनं मुकादमाकडं जायची. तुम्ही म्हणालात, पावती देत नसतील तर फोटो तरी काढू द्या म्हणावं. ड्रायव्हर चांगला माणूस निघाला, मोबाईलवर फोटो काढू द्यायचा. तारीख, गाडी नंबर, वजन, किती कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, होते फडावर, सगळं रोज रात्री लिहायचो, सीझनआधी उचल म्हणून आगाऊ पैसे किती घेतले, मधी खर्ची किती घेतली तेही. पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, तेव्हा मुकादमाच्या वहीत आमच्या अंगावर जेवढी बाकी होती तिच्या निम्मी पण आमच्या वहीत निघत नव्हती. मग तुम्ही सांगितलं तसं सगळे कोयते एकत्र गेलो, बाया पुढं, कारखान्याच्या गट ऑफिसला, आणि फोटो दाखवले. दुपारपर्यंत बसवून ठेवलं, पण हिशोब परत झाला. वडलांना पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं बाकी फेडायला जावं लागलं नाही, हे आमच्या घरात पहिल्यांदा झालं.

लोकं म्हणतात दर वाढवून द्या, बरोबरच आहे, जानेवारी २०२४ ला संपानंतर ३४ टक्के वाढ मिळाली ती सगळ्यांना पाहिजेच होती. पण टनच कमी लिहिला तर वाढ कुणाच्या खिशात जाते, हे मला तुमच्यामुळं कळलं.

आईचं तर वेगळंच लिहायला पाहिजे. तिचं ओटीपोट दुखायचं, गावाकडच्या एका डॉक्टरनं गर्भपिशवी काढून टाका सांगितलेलं आणि ती तयार पण झाली होती, कारण आमच्याकडं निम्म्या बायांनी काढलेली. बीड जिल्ह्यात २०१९ ला ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली, हे पेपरात आलं होतं, तरी कुणी थांबलं नाही. तुम्ही आईला सोलापूरच्या सिव्हिलला नेलंत, दिवसभर लाईनीत थांबलात, इन्फेक्शन निघालं, गोळ्यांनी बरं झालं. ऑपरेशन झालं असतं तर त्याच्यासाठी परत उचल घ्यावी लागली असती.

आणि धाकट्याची शाळा. दाखला नाही म्हणून घेत नव्हते, तुम्ही सांगितलं की दाखल्यासाठी लेकराला अडवता येत नाही, कायदा आहे २००९ चा, आणि तुम्ही ऑफिससमोरनं हलला नाहीत. तो त्या सीझनला फडात उसाच्या कांड्या चघळत बसला नाही, वर्गात बसला.

मी आता सोलापुरातच आयटीआय करतोय. वही अजून चालू आहे, आता माझ्या चुलतभावाकडं असते, आणि आमच्या गावातल्या अजून दोन टोळ्या पावतीचे फोटो काढायला लागल्यात. काही मुकादम चिडलेत, एकानं तर असली टोळी मला नको म्हणून सांगितलं, पण टोळ्या फुटल्या नाहीत. ग्रामसेवकाकडनं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढायचं काम पण चालू आहे, तुमच्या बिडीच्या कार्डासारखं आमच्याकडं काहीतरी पाहिजे असं तुम्हीच म्हणाला होता. आईचं कार्ड निघालं, वडलांचं राहिलंय.

एकच मागणं आहे. उचल दसऱ्याच्या आधीच ठरते, तेव्हा एकदा आमच्या गावी या. एसटीला तुम्हाला अर्धं तिकीट आहे, तरी ते पण आम्हीच काढणार. बायांना तुमच्याकडनं ऐकायचंय की करार तोंडी न करता कागदावर कसा करून घ्यायचा, मी सांगितलं तर हसतात. आईनं ज्वारी बाजूला काढून ठेवलीय तुमच्यासाठी, नाही म्हणू नका.

तुमचा,
वही लिहिणारा पोरगा