भित्रा म्हणतील म्हणून

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू जे बोललास त्याचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं नाही. राग आला होता, आणि रागात तुझ्याशी भांडायचं नव्हतं. म्हणून सवडीने लिहितोय. तुझं म्हणणं असं, की आजकालचे पुरुष मऊ पडलेत, राजकारणात कणा असलेला माणूस उरलेला नाही, आणि ज्या समाजाला लढायची लाज वाटते त्याला बाकीचे तुडवून पुढे जातात. यातलं बरंच मी ऐकून घेतलं असतं. पण "युद्धाशिवाय पुरुष घडत नाही" हे तुझं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

मी गेली कित्येक वर्षं या विषयावर मिळेल ते वाचतोय, तुला माहीत आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. युद्धाच्या निर्णयांमध्ये शौर्य आपण समजतो त्याच्या मानाने फार थोडं असतं. लोक आपल्याला भित्रा म्हणतील ही भीती मात्र जागोजाग सापडते. आणि ती भीती वाटते एकाला, जीव जातो दुसऱ्याचा.

लिंडन जॉन्सनचं बघ. २७ मे १९६४ रोजी हा अमेरिकेचा अध्यक्ष आपला सल्लागार मॅकजॉर्ज बंडी याच्याशी फोनवर बोलत होता. ते बोलणं टेप होत होतं आणि पुढे बऱ्याच वर्षांनी ते लोकांपुढे आलं. व्हिएतनामसाठी लढावं इतकी त्याची किंमत आहे असं मला वाटत नाही, आणि तिथून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही, असं तो स्वच्छ म्हणतो. मग त्याला सकाळी भेटलेला त्याच्या दिमतीचा सार्जंट आठवतो. सहा मुलांचा बाप. अध्यक्षाचे कपडे काढून ठेवणारा, रात्री वाचायचे कागद आणून देणारा. याच्या घरच्या पोरांना मी तिकडे जायचा हुकूम द्यायचा, आणि कशासाठी द्यायचा, असं जॉन्सन विचारतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं. या माणसाला सगळं दिसत होतं, सुधीर. नकाशावरचे बाण त्याला दिसत होतेच, पण कपडे घडी करणारे हातही दिसत होते. तरी १९६५ च्या मार्चमध्ये व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले आणि १९६८ पर्यंत तिथे पाच लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक होते. अठ्ठावन्न हजारांहून अधिक परत आले नाहीत. व्हिएतनामी माणसं किती मेली याचे अंदाज लाखांच्या घरात आहेत.

मग त्याने असं का केलं? याची कारणं बरीच सांगितली जातात, शीतयुद्ध, मित्रराष्ट्रांना दिलेला शब्द, देशातलं राजकारण, आणि ती खोटी नाहीत. पण अध्यक्षपद सुटल्यावर डोरिस कर्न्स या चरित्रकार बाईंजवळ त्याने स्वतःहून एक गोष्ट उघड केली. व्हिएतनाम सोडलं असतं तर आपण भेकड आहोत, पुरुषासारखे पुरुष नाही, आपल्याला कणा नाही, असं विरोधक जगभर सांगत सुटतील, याची त्याला धास्ती होती. त्याला स्वप्नं पडत. मोकळ्या मैदानात आपल्याला जमिनीला बांधून टाकलंय, हजारो लोक भित्रा, गद्दार, दुबळा म्हणून ओरडत धावत येतायत, दगड मारतायत. जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याचा प्रमुख रात्री या भीतीने जागा होत होता. फोनवर तू कण्याबद्दल बोललास ना, तेव्हा मला नेमकं हेच आठवत होतं.

असाच एक छोटा प्रसंग कॅरल कोन या अभ्यासक बाईंनी नोंदवला आहे. अण्वस्त्रांच्या हल्ल्याची गणितं मांडणाऱ्या तज्ज्ञांची बैठक चालू होती. आकडेमोड सुधारली आणि तात्काळ मरणाऱ्यांचा आकडा ३ कोटी ६० लाखांवरून ३ कोटींवर आला. सगळ्यांनी माना डोलावल्या, फक्त तीन कोटी! त्यातला एक भौतिकशास्त्रज्ञ न राहवून बोलून गेला, अरे, आपण काय बोलतोय हे? तीन कोटी माणसं! खोलीत शांतता पसरली. कोणी त्याच्याकडे बघेना. नंतर त्याने कोनबाईंना सांगितलं, फार वाईट वाटलं, मला मी बाई असल्यासारखं वाटलं. म्हणजे त्या खोलीत माणसाच्या जिवाची कळकळ ही पुरुषाला न शोभणारी गोष्ट होती. तो पुन्हा तसं बोलायला धजावला असेल का?

आता तू म्हणशील, हे सगळं पुरुषांच्या माथी मारतोस. तसं मी करत नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झाल्या झाल्या, इंग्लंडच्या फोकस्टन गावात चार्ल्स फिट्झजेराल्ड नावाच्या निवृत्त अ‍ॅडमिरलने तीस बायकांना गोळा केलं आणि साध्या कपड्यांत दिसेल त्या तरुणाच्या हातात पांढरं पीस द्यायला सांगितलं. पांढरं पीस म्हणजे भित्रा. तेव्हा सक्तीची भरती नव्हती, ती आली १९१६ मध्ये. तोवर हे काम लाजेने केलं. हे लोण इतकं पसरलं की जखमी होऊन सैन्यातून सुटलेल्यांनाही पिसं मिळू लागली, आणि शेवटी सरकारला अशा लोकांसाठी कोटावर लावायचा चांदीचा बिल्ला काढावा लागला.

आणि आपल्या महाभारतात काय वेगळं आहे? उद्योगपर्वात कुंती कृष्णाबरोबर मुलांना निरोप पाठवते तो विदुलेच्या गोष्टीचा. हरून घरी येऊन पडलेल्या मुलाला विदुला सांगते, धुमसत पडण्यापेक्षा क्षणभर पेटून उठलेलं बरं. ही गोष्ट तू मला किती वेळा ऐकवली आहेस! तिचं तेज मी नाकारत नाही. पण तीच कुंती पुढे स्त्रीपर्वात गंगेच्या काठी उभी असते. मेलेल्यांना पाणी देणं चाललेलं असतं, आणि तिला मुलांना सांगावं लागतं की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. विदुलेची गोष्ट सांगणाऱ्याने इथपर्यंत वाचायला हवं, असं मला फार वाटतं. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी दोन्ही कुंती आपल्यापुढे ठेवल्या आहेत. आपण भाषणांसाठी पहिलीच उचलतो.

हॅरी फार हे नाव तू ऐकलं नसशील. ब्रिटिश सैन्यातला साधा शिपाई. १९१५ मध्ये तोफांच्या भडिमाराने त्याचं मन ढासळलं आणि तो पाच महिने इस्पितळात होता. हात इतका थरथरे की त्याला लेखणी धरता येत नव्हती, बायकोला पाठवायची पत्रं नर्सने लिहून दिली. तरी त्याला पुन्हा आघाडीवर धाडलं. १९१६ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत त्याचे पाय उचलेनात. मला हे सहन होत नाही, एवढंच तो सांगत राहिला. लष्करी न्यायालयात त्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. त्याचं त्यानेच बोलायचं होतं. भेकडपणाचा गुन्हा शाबीत झाला आणि १८ ऑक्टोबरला पहाटे त्याला त्याच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. वय पंचवीस. डोळ्यांवर पट्टी नको म्हणाला. मग मला सांग, त्या पहाटे तिथे भित्रा कोण होता?

बायकोचं पेन्शन बंद झालं. नवरा कसा गेला हे तिने लाजेपायी कित्येक वर्षं सांगितलं नाही. पुढे मुलीने लढा दिला, आणि २००६ साली ब्रिटिश सरकारने हॅरी फारसह अशा ३०६ सैनिकांना माफी दिली, तेव्हा ती मुलगी त्र्याण्णव वर्षांची होती. एका शिक्क्याने तीन आयुष्यं खाल्ली.

एक गोष्ट मात्र आपण दोघांनीही कधी नीट बोललेली नाही. मर्दानगीच्या या हिशेबात पुरुषाचाच जीव स्वस्त होतो. १९९५ च्या जुलैमध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात सर्ब फौजांनी मुस्लिम बायका-मुलांना बसमध्ये घातलं आणि पुरुषांना, मिसरूड फुटलेल्या पोरांना बाजूला काढलं. सुमारे आठ हजार जणांना मारलं. त्यांचा गुन्हा काय, तर लढण्याच्या वयाचे होते. २०१२ मध्ये बाहेर आलं की अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यांच्या मोजणीत, हल्ल्याच्या टापूत सापडलेला लढण्याच्या वयाचा प्रत्येक पुरुष लढवय्या धरला जात होता, तो निर्दोष असल्याचा पुरावा मागाहून मिळाला तरच वेगळा. बातम्यांत आपण "इतक्या बायका-मुलांसह" असं ऐकतो आणि हळहळतो. हळहळायलाच हवं. पण उरलेल्यांत एखादा शाळामास्तर असेल, एखादा मुलाला खांद्यावर घेऊन पळणारा बाप असेल. त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्दच काढून ठेवलेला नसतो. पुरुष होते, म्हणजे मरणाला तयारच असणार, असं आपण न बोलता धरून चालतो.

याच समजुतीवर आजचं राजकारण उभं आहे, आणि म्हणून मला त्याची चीड येते. उघड्या छातीने धान्याच्या मळणीत उभा राहून फोटो काढून घेणारा मुसोलिनी, आणि २००९ मध्ये उघड्या अंगाने घोड्यावर बसलेले पुतिन. मधल्या काळात कॅमेरा बदलला, बाकी काही नाही. बाईला जसं बाळंतपण तसं पुरुषाला युद्ध, असं मुसोलिनी म्हणे. मुद्द्यावर बोलायला काही नसलं की नेता छातीवर येतो. वाटाघाट करायला बसला तर शेपूट घातली, माघार घेतली तर नामर्द, चूक कबूल केली तर संपलाच. अशा बाजारात शहाणपणाला भाव कसा मिळणार? तोटा दिसत असूनही नेते युद्ध रेटत राहतात, ते बरेचदा या पिंजऱ्यात स्वतःच अडकलेले असतात म्हणून. आत जाताना त्यांनीच दार लावून घेतलेलं असतं, पण आत सगळा देश असतो.

तुझ्या मुलाची काळजी मला इथेच वाटते. त्याच्या वयाच्या पोरांचं दुःख खरं आहे, तेवढं तुझं मला शंभर टक्के पटतं. धड नोकरी नाही, उद्याची खात्री नाही, जिवाभावाचं कोणी नाही, आणि रडायची सोय तर नाहीच. ही पोकळी कोणीतरी भरणारच. मग पडद्यावरचे गुरू येतात आणि सांगतात, तू अपयशी आहेस कारण तू पुरेसा पुरुष नाहीस. त्याने मागच्या वेळी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. ड्रोनमधून घेतलेला. खंदकात एकटा सैनिक पडला आहे, तो वर बघतो, हात हलवतो, नको नको म्हणतोय की डोळ्यांवरचं ऊन अडवतोय कळत नाही. मग धूर. आणि या सगळ्यावर ठेका धरायला लावणारं संगीत. मुलगा हसला नाही, पण त्याने पुढचा व्हिडिओ लावला. त्याला रागावून उपयोग नाही. पण तो माणूस कोण असेल, त्याच्या घरी कोण वाट बघत असेल, हे त्याला विचारायचं धाडस तू कर. बापाने विचारलं तर ते डोक्यात राहतं.

धाडसाचं म्हणशील तर माझ्या मनात पहिलं नाव येतं वासिली अर्खिपोव्ह या सोव्हिएत नौदल अधिकाऱ्याचं. २७ ऑक्टोबर १९६२, क्युबाजवळचा समुद्र. क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत युनियन युद्धाच्या काठावर आलेले. सोव्हिएत पाणबुडी बी-५९ खाली दडलेली, वर अमेरिकन विनाशिका, आणि पाण्यात इशाऱ्याची छोटी स्फोटकं फुटतायत. आत उकाड्याने माणसं कोसळतायत, मॉस्कोशी संपर्क नाही. वर युद्ध सुरू झालंय की नाही कोणाला माहीत नाही. कप्तान सावित्स्कीने अण्वस्त्र लावलेला टॉर्पेडो सज्ज करायला सांगितलं. बोटीवरच्याच ओर्लोव्ह या अधिकाऱ्याने पुढे सांगितलं, की कप्तान ओरडला, आपण मरू पण नौदलाला लाज आणणार नाही. लाज, सुधीर! पुन्हा तीच. अर्खिपोव्हने त्याला शांत केलं आणि पाणबुडी वर काढायला लावली. शत्रूच्या दिव्यांच्या झोतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर यायचं होतं. परत गेल्यावर कोणी हार घातले नाहीत, वरिष्ठांची नाराजीच वाट्याला आली. अर्खिपोव्ह काही शांतिदूत नव्हता, पक्का नौसैनिक होता. लोक काय म्हणतील हे त्याने त्या घटकेला बाजूला ठेवलं. असा माणूस घडवायचा असेल तर सांग, मी तुझ्याबरोबर आहे.

आता तुझा सगळ्यांत बळकट मुद्दा. कोणी अंगावर चालून आलं तर? तर लढावं लागतं, मी ते कधीच नाकारलेलं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या तेव्हा हातात शस्त्र घेणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. पण त्याच दिवसांत तिथे १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. स्टेशनांवर माणसं बायको-पोरांना गाडीत बसवून खिडकीच्या काचेला हात लावून उभी होती. बरीचशी तिथून थेट भरतीच्या रांगेत गेली. पण समज, त्यांच्यात एखादा असा होता, ज्याने आयुष्यात कधी कोणावर हात उगारला नाही, ज्याला आपल्या तान्ह्या मुलीबरोबर त्या गाडीत बसायचं होतं, आणि रात्री सीमा ओलांडताना तो पकडला गेला. त्याला तू काय म्हणशील? आणि तुझा मुलगा त्याच्या जागी असता तर काय म्हणाला असतास?

फोनवर नको सांगूस. लिहून पाठव, दोन ओळी आल्या तरी चालतील.

तुझाच,
मोहन